जिवाणी

१

रविवारी सकाळी कोल्हापूरजवळच्या कळंब्याहून निघायचं, नदीकाठच्या घरी पोचायचं आणि वडिलांचा ओरडा खायचा, हा ऐश्वर्या चौगुलेचा ठरलेला कार्यक्रम. आठवडाभर ती कोल्हापुरात कॉलेजात भूशास्त्र शिकवायची, पोरांना दगड ओळखायला लावायची आणि चुकलं की झापायची. रविवारी तिला झापायला शिरोळजवळच्या वस्तीवर वडील, अण्णाप्पा, होते. उशीर का केलास, बारीक का झालीस, गाडी उन्हात का लावलीस. घरात दोनच माणसं असली तरी आप्पा बांधावरनं हाळी दिल्यागत बोलायचे.

आई गेली आणि त्या आवाजातला जोर गेला. शब्द तेच, पण आतनं पोकळ. ऐश्वर्याला ते ऐकू यायचं. त्यात कृष्णेचं पाणी दोन पावसाळे घरात शिरून गेलेलं. भिंतीवर छातीएवढ्या उंचीवर त्याची खूण अजून होती. यंदाच्या पावसाआधी आप्पांना कळंब्याला न्यायचं, कायमचं न्यायचं, एवढी एकच गोष्ट तिनं मनाशी धरली होती. त्यांच्यासाठी म्हणून तिनं तळमजल्याचा फ्लॅट घेतला होता. खोली रंगवून झाली होती, खाटही आणली होती. आप्पांचं उत्तर मात्र बदलत नव्हतं.

"मी आलो तर हितली जिवाणी कोण सोडणार?"

जिवाणीचं, म्हणजे त्यांच्या जैन घरातल्या जुन्या रीतीचं, असं होतं. परड्यातल्या आडाचं पाणी शेंदायचं, दुहेरी फडक्यातनं गाळायचं, आणि फडक्यावर जे डोळ्यांना न दिसणारे जीव राहतात ते गाळलेल्या पाण्यानं धुऊन परत आडात सोडायचे. वरनं ओतायचे नाहीत, आपटून मरतील. त्यासाठी बुडाला कडी असलेली एक छोटी पितळी बादली होती. ती दोरानं पाण्याला टेकेपर्यंत सोडायची आणि मग अलगद उलटी करायची. सगळ्यात मोठा नियम म्हणजे ज्या पाण्यातला जीव त्याच पाण्यात. आडातला नदीत नाही, नदीतला आडात नाही. आप्पा अनवाणी आडाच्या काठाला उभे राहायचे. उजव्या पायाची करंगळी तरुणपणी ट्रॉलीखाली गेलेली, त्यामुळं जरा डावीकडं कलून. बादली खाली जात असताना त्यांचं तोंड बंद असायचं. अख्ख्या दिवसात तेवढीच काय ती शांतता.

मे महिन्यातल्या त्या रविवारी शेजारची बायडाबाई पदराखाली काहीतरी झाकून आली.

"ऐशूताई, नदीला धुनं घिऊन गेलतो, तिथं ह्ये गावलं. देव हाय का बघा की. देव असला तर घरात ठेवतो."

ऐश्वर्याला हे नवीन नव्हतं. तालुक्यातले लोक तिला दगड दाखवायला आणायचे आणि ती त्यांची निराशा करायची. पण बायडाबाईनं पदर बाजूला केला आणि ऐश्वर्याच्या हातातला चहा हातातच राहिला. मुठीएवढा दगड, गोगलगायीसारखी गुंडाळी, गुंडाळीवर एकसारख्या बारीक धारा. अमोनाइट. समुद्रातला जीव, मरून दगड झालेला.

अमोनाइट कच्छमध्ये मिळतो, तमिळनाडूत मिळतो. कोल्हापुरात मिळत नाही, मिळणारच नाही. इथली सगळी भुई लाव्हाची, काळ्या दगडाची. आणि लाव्हा इथं पसरला साधारण त्याच सुमाराला हे जीव जगातनं कायमचे नाहीसे झाले. हे ती दरवर्षी पहिल्या तासाला पोरांना सांगत आली होती.

"देव न्हाई, बायडाक्का," ती म्हणाली. "पण ठेवू का मी हा?"

२

आता शिकलेल्या माणसाला कारण सापडलं नाही तर चैन पडत नाही. ऐश्वर्यानं मिनिटात कारण शोधलं. वरच्या अंगाला कुणाच्या तरी शोकेसमध्ये हा असणार, पुरात घर बुडालं, दगड वाहून आला. झालं. तिनं गाडीतनं आम्लाची बाटली आणून एक थेंब टाकला. थेंब फसफसला. म्हणजे चुनखडीचा आहे, खरा आहे.

मग तिनं त्या धंद्यातली सगळी माणसं करतात ते केलं. दगड ओला केला की त्याचे कण उठून दिसतात, आणि रानात हाताशी पाणी नसतं, म्हणून भूशास्त्रवाले सरळ जीभ लावतात. आईनं या सवयीला आयुष्यभर नाक मुरडलं होतं. ऐश्वर्यानं गुंडाळीच्या तोंडाशी जीभ टेकली.

दगड खारट होता.

दगडाला चव नसते असं नाही, पण ही चव वेगळी होती. लहानपणी गणपतीपुळ्याला लाटेत पडून नाकातोंडात पाणी गेलं होतं, तशी. तिनं आडाचं पाणी तपेल्यात घेतलं आणि दगड ब्रशनं खसाखसा धुतला, जरा रागानंच.

तपेलं ओतून द्यायला ती निघाली तर आप्पा आडवे आले.

"गाळल्याबिगर ओतू नगंस."

त्यांनी ते पाणी फडक्यातनं गाळलं, फडकं बादलीत धुतलं, बादली आडावर नेली आणि दोर हातात धरून थांबले. असे ते कधी थांबत नसत.

"ऐशू, ह्यो कुठल्या पाण्यातला म्हणायचा?"

"आप्पा, दगड आहे तो. माणूस जन्मायच्या आधी मेलेला. त्यात कसला जीव?"

"तसं न्हवं. आडातला तर न्हवंच. नदीत गावला म्हंजे नदीतला, का तू म्हणतीस तसा समुद्रातला?"

"समुद्र कुठनं आणू आता तुमच्यासाठी?" ती हसत म्हणाली. ऊन डोक्यावर आलं होतं, भूक लागली होती. "सोडा आडात."

आप्पांच्या मनाला ते पटलं नव्हतं. तोंडावर दिसत होतं.

"तू शिकल्याली. तू म्हणतीस म्हणून सोडतो," ते म्हणाले आणि दोर सैल केला.

३

पुढच्या रविवारी आप्पा फाटकात उभे होते, आणि त्यांची हाळी तिला रस्त्यावरनंच ऐकू आली. पहिल्यासारखी, भरलेली. आई असताना असायची तशी. ऐश्वर्याचे डोळे पाणावले आणि तिनं गाडी मुद्दाम सावकाश लावली.

"लवकर ये. दावतो तुला."

आधी चहा झाला. दूध नासलेलं, चहा खारट. आप्पांनी तो मिटक्या मारत संपवला. मग त्यांनी तिला आडावर नेलं. पाणी नेहमीच्या ठिकाणी, खोल, गप्प होतं. पण आतला दगड त्याच्यावर पुरुषभर उंचीपर्यंत ओला होता.

"दुपारी चढतंय," आप्पा म्हणाले. "हितवर येतंय बघ. मग परत उतरतंय. रोज."

"कालव्याचं झिरपत असेल. कुणीतरी मोटार लावत असेल."

"आसंल," आप्पा म्हणाले. वाद घातला नाही. हेच तिला आवडलं नाही. वाद न घालणारा बाप तिनं आई गेली त्या दिवसांतच तेवढा पाहिला होता.

त्यांनी सकाळचं फडकं उलगडून दाखवलं. त्यावर तांदळाच्या कण्यांएवढ्या गुंडाळ्या होत्या, पांढऱ्या, चकचकीत. एक कणी हलत होती. ऐश्वर्या वाकली. गुंडाळीच्या तोंडातनं केसासारखे बारीक हात बाहेर आले, फडक्याचा धागा चाचपला आणि आत गेले.

"आयुष्यभर न दिसणारे जीव सोडले," आप्पा म्हणाले. त्यांचा आवाज बारीक झाला होता. "पुण्य लागतंय म्हणत्यात. लागलं बघ. दिसाय लागले."

तेवढ्यात बायडाबाई भरलेली पाटी डोक्यावर घेऊन आली. पाटीत शिंपले होते, शंख होते, आणखी गुंडाळ्या होत्या. पहिल्या दगडासारखे काळपट नव्हते. काही नुसते भुरकट, काहींवर रंग. दगड व्हायचे राहून गेलेले.

"हे कुठं मिळालं?"

"काठानं पडल्यात की वो. एका रेघंत. कुणी मांडून ठेवल्यागत."

ऐश्वर्या बघायला गेली. नदी खाली गेली होती, काळ्या गाळाला भेगा पडल्या होत्या, म्हशी बसल्या होत्या. आणि काठच्या मळीच्या रानाच्या कडेनं, नदीच्या पाण्यापासून चांगलं लांब, ती रेघ होती. लांबपर्यंत वळत गेलेली. कोकणात ओहोटीनंतर वाळूवर उरते तशी. तिनं आप्पांना त्याच दिवशी चला म्हणून सांगितलं. हात जोडले, रागावली, रडलीसुद्धा.

"पाऊस लागायच्या आधी येतो," आप्पा म्हणाले. "पर ह्यास्नी आसं सोडून येऊ? लेकरं हाईत ही."

४

एक गुंडाळी तिनं रुमालात बांधून कॉलेजात नेली. विभागप्रमुख विजयसिंह सर खिडकीपाशी डबा खात होते. त्यांनी गुंडाळी हातात घेऊन उजेडात धरली, वास घेतला आणि परत ठेवली.

"कुणीतरी मस्करी केलीया तुमची. प्लास्टर हाय."

"आम्ल टाकून पाहिलं सर."

"मग शिंपल्याची पूड मिसळली असणार. ह्येला वास येतोय, मॅडम, ओल्या मासळीचा. ह्यो जीव मरून फार तर आठवडा झाला असं वाटतंय. आता तुम्हीच सांगा, ते कसं शक्य हाय?" ते हसले. मग हसणं मध्येच सोडून त्यांनी डबा बंद केला आणि अर्धी भाकरी तशीच ठेवून वर्गावर गेले.

ऐश्वर्याला सरांचं म्हणणं मान्य करायचं होतं. मस्करी असेल. बायडाबाई काय, आप्पा काय, कुणीही फसेल. तिनं गुंडाळी टेबलावर ठेवली, तोंड भिंतीकडं केलं आणि पेपर तपासत बसली. थोड्या वेळानं वर पाहिलं तर गुंडाळीखाली पाणी साठलं होतं आणि तोंड खिडकीकडं होतं. त्या खिडकीतनं पूर्व दिसते. त्या बाजूला शिरोळ आहे.

तिनं आप्पांना फोन लावला.

"जेवलो," आप्पा न विचारताच म्हणाले. "पाणी चढलंय. काठाला आलंय. लई बरं वाटतंय बघ ऐशू, हितं गार वारं सुटलंय."

त्यांच्या आवाजामागं दुसरा आवाज होता. लांबनं उठायचा, जवळ येऊन पसरायचा, थांबायचा आणि मागं सरकायचा. ऐकता ऐकता तिचे डोळे मिटायला लागले.

"आप्पा, हा आवाज कसला?"

"ऊस सळसळतोय."

फोन ठेवल्यावर तिला आठवलं. घराभोवतीचा ऊस फेब्रुवारीतच तुटला होता. रान नांगरून उघडं पडलं होतं.

तेव्हा तिला आडाच्या काठावर थांबलेले आप्पा दिसले, दोर हातात धरून तिला विचारत असलेले. आपण काय उत्तर दिलं तेही आठवलं. ज्या पाण्यातला जीव त्याच पाण्यात. तिनं तो परक्या पाण्यात सोडायला लावला होता. आता त्याचं पाणी त्याला शोधत येत होतं.

असला विचार आपण केला याची तिला लाज वाटली. तरी तिनं पेपर तसेच ठेवले, गुंडाळी रुमालात घेतली आणि गाडीची किल्ली उचलली.

५

ती पोचली तेव्हा ऊन टळटळीत होतं. वस्तीवर चिटपाखरू नव्हतं. अंगणात वाळत घातलेल्या धोतरावर मिठाचे पांढरे डाग होते. भिंतीवरच्या पुराच्या खुणेच्या वर, हातभर उंचीवर, आणखी एक ओली खूण उमटली होती.

"आलीस?" आप्पा परड्यातनं आले. आनंदानं त्यांचा चेहरा पोरासारखा झाला होता. ऐश्वर्यानं त्यांचा हात धरला. हात गार आणि खरखरीत होता.

"आप्पा, माझी चूक झाली. आडात सोडा म्हणायला नको होतं मी. जे आहे ते सगळं गाडीत घालू, आत्ता कोकणात जाऊन समुद्रात सोडून येऊ. आणि तिथनं तुम्ही माझ्याबरोबर कळंब्याला यायचं."

आप्पांनी तिच्याकडं पाहिलं.

"त्यो समुद्र न्हवं ह्यांचा," ते म्हणाले. "ह्यांचा निराळा. पर तू म्हणतीस तर येतो कळंब्याला. तेवढी आजची जिवाणी सोडतो. कापडं भर माझी."

येतो म्हणाले. इतके महिने ज्या शब्दासाठी तिनं जीव टाकला तो शब्द मिळाला, आणि ती वेडी खुशीत घरात पळाली. बॅगेत धोतरं भरली, चष्मा भरला, आईचा फोटो भिंतीवरनं काढून टॉवेलात गुंडाळला. परड्यातनं कप्पीचा आवाज येत होता. कुरकुर, कुरकुर, दोर खाली चालला होता. फोटो बॅगेत ठेवताना तिच्या लक्षात आलं की पाणी तर काठाला आलंय, फोनवर आप्पाच म्हणाले होते. मग दोर एवढा वेळ कुठं चाललाय?

कप्पी थांबली नव्हती. ती धावत परड्यात गेली.

आडाच्या काठाला कुणी नव्हतं. आप्पांच्या ओल्या पावलांचे ठसे काठापर्यंत होते. पाणी काठोकाठ भरलेलं, काचेसारखं स्वच्छ, आणि दोर त्यात सरळ, शांतपणे उतरत होता. तिनं वाकून पाहिलं.

आडाच्या भिंती दिसल्या नाहीत. खाली उजेड होता. कलत्या दुपारचा, पिवळा, रुंद उजेड, आणि त्यात वाळू पसरली होती, लांब, उतरत गेलेली. वाळूवर कुणीतरी चालत होतं. धोतर गुडघ्यापर्यंत खोचलेलं, अंग जरा डावीकडं कललेलं. हातात छोटी बादली. तो माणूस वाकला आणि त्यानं बादली अलगद उलटी केली. त्याच्या अंगावरनं एक सावली सावकाश सरकत गेली. घराएवढी, गुंडाळी असलेली. त्यानं वर पाहिलं नाही.

"आप्पा," ती म्हणाली.

पाण्यानं श्वास सोडल्यासारखा आवाज झाला. मग ते खाली गेलं, भराभरा, आणि काळ्या दगडाच्या ओल्या भिंती उघड्या पडल्या. दोर कप्पीला मोकळा लोंबकळत राहिला. तिच्या रुमालातली गुंडाळीही नव्हती, रुमाल तेवढा ओला होता.

६

माणसं जमली. पंप लावून आड कोरडा केला. खाली काळा दगड आणि वीतभर गाळ निघाला, बाकी काही नाही. म्हाताऱ्या माणसाचा तोल गेला, नदीत गेले असतील, असं सगळ्यांनी ठरवलं आणि नदीतही शोधलं.

ती कळंब्याला गेली नाही. सुट्टी टाकली. कुणीतरी जिवाणी सोडायला हवी होती, म्हणून रोज सकाळी पाणी शेंदायची, गाळायची आणि प्लास्टिकच्या बादलीला दोर बांधून सोडायची. पाणी पुन्हा गोड झालं होतं. दुपारी चढत नव्हतं. फडक्यावर डोळ्यांना काही दिसत नव्हतं. काठावरची रेघही कुणाच्या तरी म्हशींनी तुडवून टाकली. ऐश्वर्या रात्रंदिवस रडत होती असं नाही, पण चहा करताना दोन कप काढायची आणि मग एक परत ठेवायची.

वळवाचे ढग यायला लागले त्या सुमाराला एका सकाळी बायडाबाई आली. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर पाटाएवढी फरशी. तिनं ती जोत्यावर टेकवली आणि उभी राहिली. देव आहे का असं तिनं या वेळी विचारलं नाही.

"नदीला गावलं," एवढंच म्हणाली. "बघा तुम्ही. मला भ्या वाटतंय."

भुरकट चुनखडी. ऐश्वर्यानं वरची माती हातानंच पुसली. फरशीत एक पाऊल होतं, अनवाणी, उजवं. चार बोटं उमटलेली, पाचव्याची जागा सपाट. पावलाच्या बाजूला एक गोल खळगा होता, बादली टेकवावी तसा, आणि खळग्याच्या मधोमध कडीची खूण. टाचेच्या खोलगटात एक गुंडाळी निजलेली होती, दगड झालेली. पाऊल उमटलं, मग हा जीव येऊन त्यात विसावला, मग दोघांवर गाळ बसला, गाळावर गाळ, आणि मग सगळं आटून एवढी वर्षं गेली की मोजायला नको. पोरांनी विचारलं असतं तर तिनं हे फळ्यावर काढून दाखवलं असतं.

"आप्पाच हाईत की," बायडाबाई हळूच म्हणाली आणि पदर तोंडाला लावून जोत्यावर बसली.

ऐश्वर्यानं आम्लाची बाटली आणली नाही. ती वाकली आणि टाचेच्या खळग्याला जीभ लावली. मग बराच वेळ फरशीवर कपाळ टेकून राहिली.

नंतर तिनं तपेल्यात पाणी घेतलं आणि ते पाऊल धुतलं. ब्रशनं नाही, हातानं, बोटांच्या मधनं, आई आंघोळ घालते तसं. पाणी दुहेरी फडक्यातनं गाळलं. फडकं बादलीत धुतलं. बादली आडावर नेली आणि दोर हातात धरून थांबली.

ह्यो कुठल्या पाण्यातला?

उत्तर तिला ठाऊक होतं, आडातला तर नव्हताच. या वेळी ती हसली नाही, घाईही केली नाही. तिनं दोर सैल केला आणि बादली आडातच सोडली, पाण्याला टेकेपर्यंत, आणि अलगद उलटी केली.

"ऐशूताई, काय करताय ह्ये?" बायडाबाईनं विचारलं.

"आप्पांना कळंब्याला न्यायचंय," ऐश्वर्या म्हणाली. "येतो म्हणालेत ते."

बायडाबाई निघून गेली. ऊन चढत गेलं. सावली आखडून आडाच्या काठाशी आली तेव्हा आतनं गार वारा वर आला, आणि तिच्या ओठांवर मीठ बसलं. भरलेली बॅग ओसरीवर तशीच होती. तिनं चपला काढून बाजूला ठेवल्या आणि पाणी वर यायची वाट बघत बसली.